शिकारमहालाचा जिना कुणाचा?

आपला जुना तवा ज्या बिडाचा असतो, त्याच बिडाच्या १५४ पायऱ्या. मनोऱ्याच्या गोल भिंतीला धरून त्या वर वर वळत जातात आणि मधे एकही खांब नाही. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत घट्ट बसवलेलं, दुसरं हवेत. पायरीवर जाळीदार नक्षी आहे, त्यामुळे चढणाऱ्याला स्वतःच्या पावलांखालून तळाची फरशी दिसत राहते. उंचीची भीती असलेल्याला ही चढण सोपी नाही. वर पोचलं की चहूकडे बीच वृक्षांचं रान, त्यापलीकडे खाड्या आणि बाल्टिक समुद्र. हवा स्वच्छ असेल तर शेजारचं उसेडोम बेटही दिसतं.

जर्मनीच्या ईशान्येला रूगेन नावाचं बेट आहे. तिथल्या ग्रानिट्सच्या जंगलात, टेम्पलबर्ग नावाच्या १०७ मीटर उंच टेकडीवर हा शिकारमहाल उभा आहे. पुटबुसचा राजा विल्हेल्म माल्टे याने तो १८३८ ते १८४६ या काळात बांधला. आज तो राज्य सरकारच्या ताब्यात आहे आणि तिकीट काढून कुणीही हा जिना चढू शकतो. ही साधी वाटणारी गोष्ट मला फार मोलाची वाटते. राजेरजवाड्यांच्या शिकारीच्या इमारतींचं काय करायचं, हा प्रश्न युरोपात आहे तसा आपल्याकडेही आहे आणि त्याची दोन उत्तरं सहज दिली जातात. एक, जुलमाची खूण आहे, पाडून टाका. दोन, सांभाळायला पैसे नाहीत, हॉटेलवाल्याला देऊन टाका. मला दोन्ही मान्य नाहीत. अशा इमारती सार्वजनिक मालकीच्याच राहायला हव्यात, त्यांचे जिने सगळ्यांसाठी उघडे हवेत आणि आत शिकारीची हकिगत पुरती सांगितलेली हवी. का, ते ग्रानिट्सची इमारतच सांगते.

महालाचा आराखडा बर्लिनचे वास्तुरचनाकार योहान गॉटफ्रीड श्टाइनमायर यांचा. चौकोनी, दुमजली इमारत, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज आणि माथ्यावर सगळीकडे चर्या. शैलीबद्दल जाणकारांचं एकमत नाही. कुणाला त्यात इंग्लंडचं ट्यूडर गॉथिक दिसतं, कुणाला उत्तर इटलीतल्या गढ्यांची छाप. पण मध्ययुगाची आठवण जागवायची, आपण जुन्या सरदारांचे वंशज आहोत हे दगडाविटांतून सांगायचं, ही नव-गॉथिक काळाची ओढ इथे स्पष्ट आहे. आतल्या एका दालनाचं नावच ‘नाइटांचा दरबार’ असं आहे.

आपल्याकडे किल्ले हिंडणाऱ्यांना चर्या आणि जंग्या म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. चर्येआड उभं राहून शत्रूवर मारा करायचा, जंगीतून बंदुकीची नळी बाहेर काढायची. राजगडाच्या किंवा प्रतापगडाच्या तटावरची प्रत्येक चर्या कुणाच्या तरी जिवाच्या हिशोबाने ठेवलेली आहे. ग्रानिट्सच्या चर्यांना असा हिशोब नाही. १८४० च्या दशकात त्या टेकडीवर कुणी चालून येणार नव्हतं. तोफांच्या त्या काळात ही तटबंदी दिवसभरही टिकली नसती. मग त्या कशासाठी?

त्याचं उत्तर माल्टेच्या आयुष्यात आहे. त्याचा जन्म १७८३ चा. तेव्हा रूगेन स्वीडनच्या राजाकडे होतं. १८०७ साली स्वीडिश राजानेच त्याला ‘फ्युर्स्ट’ ही, म्हणजे आपल्याकडच्या संस्थानिकासारखी, पदवी दिली. मधे नेपोलियनच्या फौजा येऊन गेल्या आणि १८१५ साली बेट प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं. रूगेन ज्यात मोडत होतं त्या स्वीडिश पोमेरेनिया प्रांतात वेठबिगारीची कुळपद्धत १८०६ सालीच रद्द झाली होती. म्हणजे एकाच माणसाने तिशी-बत्तिशीच्या आत धनी बदललेले पाहिले, सीमा बदललेल्या पाहिल्या आणि रयतेशी असलेलं जुनं नातंही कायद्याने तुटताना पाहिलं. १८१० पासून त्याने पुटबुस नावाचं आखीवरेखीव पांढरंशुभ्र गाव वसवलं, समुद्रस्नानासाठी स्नानगृह बांधलं, नाटकगृह बांधलं. तो कर्तबगार होता, यात शंका नाही. पण पायाखालची जमीन हलू लागली की माणूस आपलं मूळ खोल आहे असं ठासून सांगतो. चर्या त्यासाठी आहेत. शत्रू त्यांच्यासमोर नव्हताच, समोर होता तो बदलता काळ.

इथवर ही इमारत त्या काळच्या अनेक हौशी गढ्यांसारखीच आहे. ती वेगळी होते ती मधल्या ३८ मीटर उंच मनोऱ्यामुळे. मूळ कल्पनेत मधे मोकळा चौक होता, आपल्या वाड्यातल्यासारखा. त्या चौकात मनोरा उभा करण्याचा आराखडा कार्ल फ्रीडरिश शिंकेल यांनी केला. शिंकेल म्हणजे प्रशियाच्या वास्तुकलेतलं सगळ्यात मोठं नाव. बर्लिनचं जुनं संग्रहालय त्यांचं, फ्रीडरिशवेर्डरचं विटांचं गॉथिक चर्च त्यांचं. नेपोलियनविरुद्धच्या युद्धाचं क्रॉइत्सबेर्गवरचं स्मारक तर त्यांनी १८२१ साली गॉथिक घाटात पण बिडात ओतून घेतलं. १८२६ साली ते इंग्लंड-स्कॉटलंडला गेले आणि तिथले कारखाने, पूल, लोखंडी बांधकाम डोळे भरून पाहून आले. ग्रानिट्सचा महाल पुरा झालेला मात्र त्यांनी पाहिला नाही, १८४१ सालीच ते वारले.

या इमारतीत मला दोन काळ एकमेकांत अडकलेले दिसतात. बाहेर चर्यांचं जुनेपण ओढून आणलेलं, आत जिन्यात मात्र नव्या युगाचं उघडं लोखंड. जिन्याने मध्ययुगाचं सोंग घेतलेलं नाही. बीड ओतता येतं, एकसारख्या पायऱ्या साच्यातून काढता येतात, दुसऱ्या टोकाला आधार न देता त्या माणसांचा भार पेलतात, हे सगळं तो लपवत नाही. ज्या ओतशाळांतून अशा पायऱ्या निघत होत्या, त्याच ओतशाळा सरंजामी जग मागे सारत होत्या. शिकारमहालाच्या गाभ्यातच ते नवं जग येऊन बसलं आहे. वास्तुकलेचे काही अभ्यासक नव-गॉथिक इमारतींना ‘नकली’ म्हणून बाजूला सारतात. त्यांनी हा जिना एकदा चढून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

आता एक साधा प्रश्न. शिकारीला एवढ्या उंच मनोऱ्याचा उपयोग काय? घनदाट बीचच्या छत्राखाली हरीण कुठे आहे ते वरून दिसत नाही. शिकार खालीच होते. हाकारे रान उठवतात, कुत्री भुंकतात, बंदुकीवाले दबा धरून बसतात. मनोऱ्यावरून दिसते ती फक्त मालकी. बेटावरच्या जमिनीचा मोठा हिस्सा पुटबुस घराण्याचा होता. समुद्रसपाटीपासून १४५ मीटरवर उभं राहायचं, पाहुण्या राजांना सोबत घ्यायचं आणि हात फिरवून दाखवायचं, हे माझं रान, ही माझी गावं. पाहण्याचा हक्क हाच या मनोऱ्याचा खरा हेतू होता.

म्हणून त्या जिन्यावर आज शाळेची मुलं, आजीआजोबा, सायकलवरून आलेले कामगार धापा टाकत चढतात, तेव्हा त्या इमारतीचा अर्थ उलटा फिरतो. एकाने सगळ्यांवर नजर टाकावी म्हणून बांधलेली जागा आता सगळ्यांच्या पायाखाली आहे. हे पाडून साधत नाही आणि हॉटेल करूनही साधत नाही. (चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला १५४ पायऱ्या चढता येणार नाहीत, हे खरंच आहे. ‘सगळ्यांसाठी’ हा शब्द वापरताना तेवढं भान ठेवायला हवं आणि वरचं दृश्य त्याला तळमजल्यावर कसं दाखवता येईल हेही पाहायला हवं.)

आता शिकारीबद्दल. महालाच्या दालनांत शिंगं लटकवलेली आहेत, संगमरवरी दालन आहे, मेजवान्यांची जागा आहे. हे सगळं पाहून माणूस ‘काय ऐश्वर्य’ म्हणत बाहेर पडतो. पण या ऐश्वर्याची किंमत कुणी मोजली? युरोपात शतकानुशतकं शिकारीचा हक्क जमीनदाराचा होता आणि तोही दुसऱ्याच्या शेतात. डुकरं आणि हरणं पीक उद्ध्वस्त करत, तरी शेतकऱ्याने त्यांना मारायचं नाही. मारलं तर तो चोर. वर शिकारीच्या दिवशी हाकाऱ्याचं काम वेठीने करायचं ते याच माणसाने. १८४८ च्या क्रांतीत जर्मन शेतकऱ्यांचा राग ज्या गोष्टींवर निघाला, त्यांत शिकारीचा हक्क अगदी वरच्या क्रमांकावर होता. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला प्रशियाने कायदा केला आणि परक्याच्या जमिनीवरचा शिकारहक्क मोबदला न देता रद्द केला. ग्रानिट्सचा महाल पुरा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढे १८५० साली किमान क्षेत्राची अट घालून छोट्या शेतकऱ्याच्या हातून तो हक्क बराचसा परत काढून घेतला गेला. ही सगळी हकिगत त्या शिंगांच्या शेजारी, तेवढ्याच ठळकपणे असायला हवी. शिंगं काढून टाका असं मी म्हणत नाही. ती राहू द्यात, पण त्या हरणाने कुणाचं शेत खाल्लं होतं आणि त्या शेतकऱ्याला तोंड दाबून ते का पाहावं लागलं, हेही लोकांना कळू द्या.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. पारध म्हणजे शिकार. ज्या समाजाचं नावच पारध या शब्दावरून पडलं, त्या पारध्यांचं काय झालं? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला आणि १९५२ साली कायदा रद्द झाला तरी लोकांच्या मनातला शिक्का अजून पुसलेला नाही. त्याच काळात संस्थानिक आणि इंग्रज साहेब शिकारीचे फोटो काढून भिंतीवर लावत होते. रान तेच, जनावर तेच. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटाची शिकार करण्याची परंपरा होती आणि देशातले चित्ते संपत आल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवले गेले. दाजीपूर-राधानगरीचं जंगल हे कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांचं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. राजाची हौस म्हणून रान राखलं गेलं आणि म्हणून ते वाचलं, हेही तितकंच खरं आहे. ग्रानिट्सचं जवळपास हजार हेक्टरांचं जंगलही तसंच वाचलं आणि आज ते आग्नेय रूगेनच्या जैवमंडल राखीव क्षेत्रात मोडतं. ही गुंतागुंत सांगायला इमारत उभी लागते. पाडलेली इमारत काही सांगत नाही.

पाडण्याचा अनुभव रूगेनने घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत ताब्यातल्या भागात शंभर हेक्टरांवरच्या इस्टेटी काढून घेतल्या गेल्या. १९४७ च्या सोव्हिएत आदेश क्रमांक २०९ नुसार नव्या शेतकऱ्यांची घरं बांधायला जमीनदारांच्या हवेल्यांच्या विटा आणि तुळया वापरायला मुभा मिळाली. युद्धाने बेघर झालेल्या, पूर्वेकडून हाकलून दिलेल्या माणसांनी त्या विटांतून घर उभं केलं असेल तर त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण पुटबुस गावातला मुख्य राजवाडा पूर्व जर्मनीच्या सरकारने पाडला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा विटांची तितकी निकड नव्हती. सरंजामशाहीची खूण पुसायची होती. आज तिथे उद्यान आहे, तळ्याकाठची गच्ची आहे आणि मधोमध रिकामी जागा आहे. तिथे उभं राहून सरंजामशाहीबद्दल काय कळतं? काहीच नाही. टेकडीवरचा शिकारमहाल मात्र राहिला, संग्रहालय झाला आणि त्यामुळेच आज आपण त्याच्याशी भांडू शकतो.

या घराण्याच्या शेवटच्या मालकाची गोष्टही तिथेच सांगण्याजोगी आहे. माल्टे फॉन पुटबुस आधी नाझी पक्षाचा सभासद होता. हिटलरवरच्या २० जुलै १९४४ च्या हल्ल्यानंतर त्याला अटक झाली, इस्टेट जप्त झाली आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत तो मरण पावला. एकाच माणसाच्या आयुष्यात एवढी उलथापालथ. अशा वास्तूत ‘राजा-राणीचं स्वप्नवत विश्व’ एवढंच दाखवणं म्हणजे पाहुण्यांना कमी लेखणं आहे.

आता विकण्याचा मुद्दा. तो सगळ्यात जोरात मांडला जातो, कारण त्यामागे पैशाचं खरं दुखणं आहे. ग्रानिट्सहून काही किलोमीटरवर, बिन्त्स या समुद्रकाठच्या गावाच्या उत्तरेला प्रोरा आहे. कामगारांना सुट्टीसाठी म्हणून नाझींनी १९३६ ते १९३९ या काळात समुद्रकिनाऱ्याला समांतर साडेचार किलोमीटर लांबीच्या इमारती बांधल्या, वीस हजार माणसांच्या. सुट्टीला तिथे कुणी गेलं नाही. पुढे सैन्य आलं आणि दोन जर्मनींच्या एकत्रीकरणानंतर इमारतींचे तुकडे गुंतवणूकदारांना विकले गेले. आज त्यांतल्या बऱ्याच भागात महागडे फ्लॅट आणि हॉटेलं आहेत. एका भागात युवकांचं वसतिगृह आहे, तेवढाच दिलासा. इतक्या भयंकर इतिहासाच्या इमारतीत ‘समुद्राभिमुख घर’ विकलं जातं तेव्हा इतिहास जाहिरातीला अडचणीचा होतो आणि मग तो हळूहळू कोपऱ्यात ढकलला जातो. कुणी मुद्दाम करावं लागत नाही.

सॅक्सनी-आनहाल्टमधलं लेत्स्लिंगेनचं उदाहरण जवळचं आहे. सोळाव्या शतकातला तो शिकारमहाल प्रशियाच्या राजासाठी शिंकेलचा शिष्य फ्रीडरिश आउगुस्ट श्ट्यूलर याने १८४० च्या दशकात नव-गॉथिक रूपात पुन्हा घडवला. पूर्व जर्मनीच्या काळात तिथे इस्पितळ होतं, नंतर हॉटेल आलं, सोबत छोटं संग्रहालय. इमारत उभी आहे, डागडुजी झाली आहे, हे मान्य. आपल्याकडे राजस्थानात अलवरच्या महाराजांचा सरिस्का इथला शिकारीचा राजवाडाही असाच हॉटेल झाला. पण हॉटेल म्हणजे प्रत्येक खोलीला न्हाणीघर, भिंतीतून पाण्याचे नळ, मधल्या दालनात स्वागतकक्ष. आणि मुख्य म्हणजे दारावर पहारेकरी. एका रात्रीला हजारो रुपये मोजणाऱ्याला तो राजाचा पाहुणा असल्याचा अनुभव विकायचा असतो, त्यामुळे ज्या नात्याबद्दल आपण प्रश्न विचारायला हवा, तेच नातं तिथे पैशाने पुन्हा उभं राहतं. राजाच्या जागी पाहुणा आणि हाकाऱ्याच्या जागी गावातला वेटर.

पैसे कुठून आणायचे, हे टाळता येत नाही. ग्रानिट्सला वर्षाला लाखाहून जास्त माणसं येतात, खाली बिन्त्सचा गजबजलेला किनारा आहे, जुनी छोट्या रुळांची आगगाडी महालाच्या नावाच्या थांब्यावर सोडते. प्रत्येक शिकारमहालाचं नशीब एवढं थोर नसतं, हे मी कबूल करतो. पण मधले मार्ग आहेत. ग्रानिट्सच्याच आवारातल्या एका जुन्या घरात राखीव क्षेत्राचं माहितीकेंद्र चालतं. लहान शिकारबंगल्यांत वनखात्याचं माहितीकेंद्र, शाळांच्या सहलींची मुक्कामाची जागा, गावाचं वाचनालय चालू शकतं. भाड्याने द्यायचंच असेल तर एखादी बाजू द्यावी, पण जिना, गच्ची आणि मुख्य दालन लोकांसाठी उघडं राहील हे करारात लिहूनच. महाराष्ट्रात संस्थानी काळातले किती शिकारबंगले उरले आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत, त्यांपैकी किती भाड्याने दिले आहेत, ही यादी सरकारने लोकांसमोर ठेवावी. राधानगरीच्या परिसरात जंगल पाहायला येणाऱ्याला गवा दाखवला जातो. हे रान कुणासाठी आणि कसं राखलं गेलं, तिथे हाकारे कोण होते, हेही सांगणारी एक खोली तिथे हवी आणि ती सांगायला पारधी समाजातली माणसं हवीत.

आणि गॉथिकच म्हणाल तर आपल्या मुंबईत ते रोज पाहायला मिळतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाखालचा मोठा जिना ग्रानिट्ससारखाच भिंतीतून पुढे आलेल्या पायऱ्यांचा आहे, फक्त दगडाचा. खालून लाखो माणसं लोकल पकडायला धावतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो जिना पाहिलेला नसतो. थोड्या अंतरावर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे, ८५ मीटरचा, १८७८ साली पुरा झालेला. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे दिले म्हणून तो उभा राहिला. दगड स्वच्छ झाले, घड्याळ चालू आहे, पण सर्वसामान्य माणसाला वर जायला मनाई आहे. धोका आहे, हे समजू शकतं. तरी दहा-दहा माणसांचे गट करून, सोबत माणूस देऊन, माफक तिकीट लावून आठवड्यातला एक दिवस तो उघडा. गोल जिना तिथेही आहे.